चाचांचे कोपरे

कुणाच्याही घरी फ्रेम लावायला गेलो की मी आधी जमिनीवर बसकण मारतो. ड्रिल काढत नाही, टेप काढत नाही, भिंतीसमोर मांडी घालून नुसता बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं माझे गुडघे गेले. पनवेलच्या एका बाईंनी तर आतून बामाची बाटली आणून दिली होती. मी ती घेतलीही, कारण गुडघे तसेही दुखतातच. पण बसण्याचं कारण ते नव्हे. ही खोड मला एका माणसानं लावली. त्याची नुसती आठवण आली तरी मला हसू फुटतं आणि दुसऱ्याच क्षणी अशी शरम वाटते की विचारू नका. शरम का, ते पुढं सांगतोच.

तेव्हा माझं दुकान अलिबागला होतं, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. वडिलांनी घातलेलं. दुकानात फ्रेमा ठरलेल्या: देव, लग्न, शाळेची सर्टिफिकिटं आणि गेलेली माणसं. गेलेल्या माणसाच्या फ्रेमवर चंदनाच्या सालींचा हार फुकट, ही वडिलांची पद्धत. मीही ती चालू ठेवली होती.

चाचा रेवदंड्याच्या पलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तीस वर्षं आखातात नोकरी करून परत आलेले. उंच, काटकुळे, पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी पाणसळ. म्हणजे ती गवंड्यांकडे असते ना, आत बुडबुडा असलेली छोटी पट्टी, ती. जिथं जातील तिथं ती काढून ठेवायचे. चहावाल्याच्या बाकावर, पोस्टाच्या खिडकीत, एकदा तर चालू एसटीत सीटच्या दांडीवर. माझ्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा सलाम नाही, नमस्कार नाही, पाणसळ काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "तुझा काउंटर डावीकडे उतरलाय, बाला. तुला मान दुखायचा त्रास हाय का?"

मला होता. ते मी कबूल केलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या काखेत पुठ्ठ्याची लांब नळी होती. त्यातून मोठा प्रिंट काढून त्यांनी पसरला. डावीकडे राखाडी भिंतीची कड, उजवीकडे तिची तिरपी सावली, वर आभाळाचा त्रिकोणी तुकडा. बस्स. माणूस नाही, झाड नाही, धड खिडकीसुद्धा नाही.

"चाचा, लॅबवाल्यानं फसवलं तुम्हाला," मी म्हटलं. "फोटो अर्धाच आलाय."

"अर्धा न्हाय. मना पायजे तेवढा पुरा आलाय."

मी मनात म्हटलं, झालं, सकाळी सकाळी नमुना आला! पुढच्या महिन्यात दुसरा प्रिंट आला: एका जिन्याच्या तीन पायऱ्या आणि त्यांची सावली. मग एक गोल खांब, तोही अर्धा. मग नुसती छताची धार. सगळे कोपरे. बाजारात त्यांचं नावच पडलं कोपरेवाले चाचा. चहावाला मला विचारायचा, "काय, आज पुरं घर आलं का अजून कोपराच?"

त्यांच्या अटी ठरलेल्या. काळी बारीक पट्टी, नक्षी बिलकूल नको. आत चारी बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तीन इंची माउंट, ज्याच्या खिडकीतून फोटो दिसतो. "सोनेरी पट्टी लाव म्हणालास तर उठून जाईन," हे दर वेळी सांगायचे, मी कधीही सोनेरीचं नाव काढलेलं नसताना. आणि मी पट्टी कापायला घेतली की स्टूल ओढून समोर बसायचे. फ्रेमचा जोड लावला की त्यात नख घालून बघायचे. नख गेलं की फ्रेम परत.

"चाचा, केसभर फट आहे. कोण बघतंय?"

"मी बघतोय की! मी काय दगड हाय?"

मी तणतणायचो. बायकोकडे घरी जाऊन तक्रार करायचो की या म्हाताऱ्यापायी माझी एक पट्टी वाया जाते. पण खरं सांगतो, वडिलांनी मला धंदा शिकवला आणि जोड लावायला चाचांनी शिकवलं. आजही माझ्या फ्रेमच्या कोपऱ्यात तुमचं नख जाणार नाही. घालून बघा.

दुकानात त्यांची एखादी फ्रेम वाळत असली की येणारे-जाणारे थबकायचे. त्यातच एकदा मांडव्याला बंगला असलेल्या मुंबईच्या एक बाई आल्या. सासऱ्यांचा फोटो न्यायला आल्या होत्या, पण नजर गेली ती जिन्याच्या पायऱ्यांवर. "अॅब्स्ट्रॅक्ट आहे! कुणाचं काम?" मी चाचांकडे बोट दाखवलं. ते स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. बाईंना ती फ्रेम बंगल्यातल्या हॉलसाठी हवी होती.

चाचा म्हणाले, "आधी भिंत दाखवा."

ही त्यांची दुसरी तऱ्हा. भिंत बघितल्याशिवाय फ्रेम कुणाला द्यायची नाही. मी म्हटलं, चाचा, मांडवा काय जवळ आहे? पण बाईंनाच मजा वाटली, आम्हाला गाडीत घालून घेऊन गेल्या. हॉल कसला, बॅडमिंटन खेळावं असा. सोफ्यामागे पांढरी स्वच्छ भिंत. चाचा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाईंनी सरबत दिलं, ते खालीच बसून प्यायले. मी लाजेनं अर्धा झालो होतो.

"ह्या सोफ्यावर कोण बसतं?"

"पाहुणे. शनिवार-रविवारी."

"म्हणजे तसबिरीकडे पाठ करून बसणार. आणि सोमवार ते शुक्रवार कोण न्हाय. मग ही लटकून काय करील?"

बाई हसल्या. "मग कुठं लावू म्हणता?"

चाचा उठले आणि घरभर फिरले. स्वयंपाकघरात बंगला सांभाळणाऱ्या माणसाची बायको भाकऱ्या थापत होती. गावातलीच, आगरी. चाचांनी तिला विचारलं, दिवसभर तू कुठं बघतेस? ती बावरली. म्हणाली, "कंच्या बाजूला बगनार? ही समोरची भित, आनि काय." चाचांनी तिला ओट्याशी उभी केली, तिच्या डोळ्यांची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मारली, आणि मला म्हणाले, "इथं. तसबिरीचा मध्य हिच्या डोळ्यांसमोर. जो रोज बघतो त्याच्या उंचीला लावायची."

मला वाटलं, आता बाई आम्हाला हाकलतात. पण त्या भल्या होत्या. जिना स्वयंपाकघरात लागला. काही महिन्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा त्या भाकरीवालीनं आपणहून सांगितलं, "चाचा, सकालची उनं आली का त्यातली सावली निराली दिसते, बगलाव का तुमी?" चाचा इतके खूश झाले की परतताना रेवसच्या फाट्यावर त्यांनी मला दोन वडापाव खाऊ घातले आणि स्वतः तीन खाल्ले.

पण हे कोपरे का, ते मला कळेना. एका दुपारी बाजार सुस्तावला होता, तेव्हा विचारलंच.

"चाचा, एकदा तरी पुरी बिल्डिंग घ्या की. लोकांना कळेल तरी कुठली आहे."

"पुरी बिल्डिंग माझी न्हाय."

"म्हणजे?"

त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "ह्या बारीक रेघा बघ, सिमेंटवर उमटलेल्या. ह्या फळ्यांच्या रेघा. फळ्या मी ठोकल्या. ही कड सरळ हाय ना? ती माझी. इथून पुढं दुसऱ्या सुताराचं काम लागलं. म्हणून इथं फोटो संपला."

मी प्रिंटकडे बघतच राहिलो. चाचा शटरिंगचे सुतार होते. काँक्रीट ओतायच्या आधी त्याला आकार द्यायला फळ्यांचा साचा ठोकावा लागतो, ते काम. आणि ते वाळूत उभं राहून करायचं काम नव्हे. वीस-वीस, तीस-तीस मजल्यांवर, कडेला लोंबकळून. इतके दिवस मी आणि मांडव्याच्या बाई ज्याला मॉडर्न आर्ट समजत होतो, तो त्या माणसाच्या हातचा हिशेब होता. जेवढं त्यानं केलं तेवढंच त्यानं घेतलं होतं, बोटभरही जास्त नाही.

"पण तुम्ही तर ऑफिसात होता ना? चाची सगळ्यांना सांगतात, आमचे हे एसीत बसायचे म्हणून."

चाचांनी दुकानाबाहेर डोकावून बघितलं. मग स्टूल जवळ ओढलं.

चाचींचा धाकटा भाऊ नारळ पाडताना माडावरून पडून गेला होता. त्यानंतर वर्षातच यांचं लग्न. निकाहच्या दिवशी सासऱ्यांनी यांचा हात धरून कबूल करून घेतलं, की उंचावर चढायचं काम करणार नाही. यांनी शब्द दिला. पुढच्या वर्षी एजंटानं आखातात धाडलं. कागदावर काम होतं स्टोअरकीपरचं. तिथं पोचल्यावर हातात हातोडा दिला आणि वर बोट दाखवलं.

"पासपोर्ट सायबाच्या कपाटात. दोन वर्षं करू, म्हटलं, आणि जाऊ. दोन वर्षांसाठी चढलो, तीस वर्षांनी उतरलो. तिला कळवलं, स्टोअरमध्ये बसतो, एसी हाय. कोपऱ्यांचे फोटो आणले ते ऑफिसच्या खिडकीतून घेतले म्हणून सांगितलं. ती विचारायची, तुमच्या ऑफिसला खिडक्या तरी किती!" चाचा हसायला लागले. "दर हप्त्याला फोन करायचो. बाकी काय विचारायच्या आधी पहिला सवाल एकच, 'एसी चालू हाय ना?' मी इकडे घामानं निथळतोय, डोक्यावर ऊन, आणि सांगतोय, 'चालू हाय, थंडी वाजते.' लय भोळी हाय बिचारी. तिला बोललास तर याद राख, परत तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाय."

मी शप्पथ घेतली. पण मला तेव्हाच दिसलं की हसता हसता त्यांची नजर खाली गेली होती.

त्यांच्याकडे एक फ्रेम होती जी मी बनवलेली नव्हती. आखातातनं आणलेली. आणि ती सोनेरी होती, बोला! काचेला तडा गेला म्हणून एकदा घेऊन आले. फोटोत काँक्रीटची एक तुळई आणि भरपूर आभाळ. पण माउंट बघून माझं डोकंच उठलं. डावीकडे दोन इंच आणि उजवीकडे चांगला सहा इंच. "चाचा, हा कुणी गाढवानं कापलाय? द्या, नवीन कापतो."

"मी कापलाय."

माझ्या काउंटरचा उतार शोधणारा माणूस, आणि हा माउंट त्याच्या हातचा? मी मागचा टेप सोडवायला गेलो तर फ्रेम हिसकावून घेतली. माझ्याकडे पाठ करून, माझ्याच टेबलावर, स्वतः काच बदलली. मी वाकून बघायला लागलो तर म्हणाले, "बाला, तू जा, चहा सांगून ये." चहा सांगून आलो तोवर मागून टेप लागलेला होता.

आता शरमेचं.

एकदा तीन आठवडे चाचा फिरकले नाहीत. आणि एका सकाळी दुकानात चाची आल्या, एकट्या. आल्या त्या बसल्या, रुमालाची गाठ सोडली आणि आतून चाचांचा पासपोर्ट साइझ फोटो काढला. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"मोठी कर, बाला. भिंतीवर लावायची हाय."

आमच्या धंद्यात पासपोर्ट फोटो मोठा करायला आला की विचारायचं नसतं. जिवंत माणसाचे फोटो लग्नातले येतात, सहलीतले येतात. पासपोर्टवरून मोठा करतात तो एकाच प्रसंगी. मी एवढंच म्हणू शकलो, "कधीपर्यंत?"

"जुम्म्याला दे."

चाची गेल्या आणि मी टेबलावर डोकं टेकलं. चहावाल्याला सांगितलं. त्यानं फळवाल्याला सांगितलं, फळवाल्यानं पोस्टातल्या भाऊंना. मी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. सागवानी पट्टी काढली, जोड असा लावला की चाचा असते तर नख घालून त्यांनीही मान हलवली असती. आणि वर सवयीनं चंदनाचा हारही घातला. शुक्रवारी आम्ही चौघं मिनीडोर रिक्षा करून निघालो. रस्ताभर कुणी बोललं नाही. चहावाला तर डोळे पुसत होता. चाचांनी त्याच्या सगळ्या बाकांचे पाय कापून सरळ करून दिले होते.

दारात पोचलो. लुंगी नेसून, हातात पाणसळ घेऊन, चाचा बाहेर आले.

"या, या! चौघं कसे काय? आणि तोंडं कशाला अशी? कोण मेलं?"

फळवाला मटकन पायरीवर बसला. माझ्या हातातली फ्रेम चाचांनी घेतली, कागद फाडला. हारातून स्वतःचं तोंड त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"माउंट अर्धा इंच कमी घेतलास," ते म्हणाले.

मग जे हसायला लागले, ते खाली बसले, खोकले, पाणी मागितलं. आतून चाची आल्या. डोळ्यांतून पाणी गळतच होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ड्रॉप चालू होते. चाचा तीन आठवडे त्यांच्याच सेवेत होते. आमचा घोळ कळल्यावर चाची कपाळावर हात मारून घेतात की मला झोडतात, असं वाटलं. पण त्या चाचांवरच उखडल्या.

"त्याला कशाला हसतंव? चूक तुमची हाय! तीस वर्षं घरात कोपरे आणून लावले. ह्यात तुमी कुठं हाव? किती वेळा बोलले, ऑफिसात बसलेली एक तसबीर द्या. तर म्हणे, आपल्यात माणसाची तसबीर लावत न्हाईत. आणि तुमच्या भावाच्या घरात नातवाचा केकवाला फोटो दारापेक्षा मोठा हाय! मना आता नीट दिसाय लागलंय. मना माझा माणूस बघायचाय. दुसरी न्हाय मिळाली म्हणून पासपोर्टची आणली."

चाचांनी हार काढून फ्रेम भिंतीला टेकवली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, वर खरवस. हार पडवीत पडला होता, तो शेजाऱ्यांच्या बकरीनं खाल्ला. पण चाचा जेवताना माझ्याकडे बघत नव्हते.

चार दिवसांनी दुकान उघडतोय तर पायरीवर चाचा. मांडीवर ती सोनेरी फ्रेम.

"उघड," ते म्हणाले.

मी टेप कापला, पिना काढल्या, माउंट उचलला. उजवीकडच्या सहा इंचांखाली चाचा होते. पंचविशीतले, काळी दाढी, तुळईच्या टोकावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेले. एका हातात डबा, एका हातात रोटी, तोंड भरलेलं आणि तसंच हसणारं. त्यांच्या पायांखाली, कितीतरी खाली, मोटारी दिसत होत्या. काडेपेट्यांएवढ्या. माझ्याच तळपायांना मुंग्या आल्या.

"एका मल्याळी दोस्तानं घेतला, माझ्याच कॅमेऱ्यानं. माझा कामावरचा हा एकच. फाडवला न्हाय, दाखवला न्हाय." दाढीवरून हात फिरवत बसले. "ती पासपोर्टवाली लागली ना भिंतीवर, तर मना रोज वाटणार, तिच्यासमोर मी खोटा टांगलाय. नवीन माउंट काप. मी दिसू दे. आणि बाला, तू चल माझ्यासोबत. तीस मजल्यांवर कधी घाबरलो न्हाय, आज घाबरतोय."

मी माउंट कापला. काळी पट्टी लावली. जोड चुकू दिला नाही.

चाची स्वयंपाकघरात पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. चाचांनी फ्रेम छातीशी धरली आणि त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेत पाटी दाखवायला उभं राहावं तसे. म्हणाले, "ही माझी ऑफिसातली तसबीर."

चाचींनी हात पदराला पुसले. नवीन डोळ्यानं बघत राहिल्या. मी चुलीकडे बघत होतो, छताकडे बघत होतो. चाळीस वर्षांचा संसार, सासऱ्याला दिलेला शब्द, मेलेला भाऊ, सगळं त्या एका काचेत होतं. आता ही बाई काय म्हणते?

"कमरेचा पट्टा कुठाय?" चाची म्हणाल्या.

"आं?"

"पट्टा. टीव्हीवर दाखवतात, बांधून चढतात. आणि डोक्यावर टोपी न्हाय. आणि असल्या ठिकाणी कोण जेवतं?"

"अगं… जेवणाची सुट्टी होती." मग चाचांच्या ध्यानात आलं. "तुला मालूम होतं?"

"पहिल्या रजेवर आलाव तवापासून मालूम हाय. एसीत बसणाऱ्याच्या तळव्याला असले घट्टे पडतात व्हय? झोपेत ओरडायचाव, फळी धर, फळी धर."

"मग बोलली का न्हाईस?"

चाचींनी एक कोळंबी उचलली, सोलली, टोपात टाकली.

"बोलले असते तर तुमी उतरले असतेव? दोन पोरं होती. चढलेच असतेव, पण माझी भीती डोक्यावर घेऊन चढले असतेव. माझा भाऊ तसाच पडला. खालून आई ओरडली, जपून रे, आणि त्यानं खाली बघितलं." त्यांनी कोळंबीची सालं बाजूला सारली. "म्हणून विचारायचे, एसी चालू हाय ना. तुमी चालू हाय बोललाव की समजायचे, आजच्या दिवस उतरला खाली. मग जेवायचे."

चाचा उभेच होते. मग भिंतीला पाठ लावून सावकाश खाली बसले, फ्रेम मांडीवर. रडत होते. मीही रडत होतो. लपवायचं काय त्यात. चाची म्हणाल्या, "दोघं रडतात काय? कोण मेलं?" आणि स्वतःच पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

मग फ्रेम लावायची. पाटासमोरच्या भिंतीवर. मी फ्रेम नेहमीच्या उंचीला धरली.

"खाली," चाची म्हणाल्या.

मी वीतभर खाली घेतली.

"अजून खाली."

"अगं, जमिनीला टेकंल ती!" चाचा म्हणाले.

"टेकू दे. लय वर्षं वर बसला होता."

चाचांनी खिशातली पाणसळ काढून फ्रेमवर ठेवली. हात कापत होता, बुडबुडा जागेवर राहीना. चाची म्हणाल्या, राहू दे ते, मार खिळा. मी मारला.

पुढं मी दुकान पनवेलला हलवलं. मागच्या ईदला बिर्याणी खायला गेलो होतो. चाचा आता काठी घेऊन चालतात, चाची अजून त्याच पाटावर बसतात. फ्रेम बघितली, तर डावीकडे चांगली बोटभर झुकलेली. ज्या माणसानं माझी मान दुखते ते काउंटरवरून ओळखलं, त्याच्या घरात ही अशी! मी सरळ करायला हात पुढं केला.

"हात लावू नको," चाचा ओरडले. "तिथनं उभ्यानं काय बघतोस? इथं ये, हिच्या बाजूला बसून बघ."

मी चाचींच्या बाजूला जमिनीवर बसलो. तिथून ती अगदी सरळ दिसत होती.